यंत्राहून मोलाची किल्ली

लष्करी किंवा राजनैतिक गुप्त संदेश फोडायचे असतील, तर शत्रूला बुद्धिमान गणितज्ञांची फौज आणि महाकाय संगणक हाताशी असावे लागतात, असा सर्वसाधारण समज आहे. विसाव्या शतकाचा इतिहास पाहिल्यास मात्र असे दिसते, की अनेक अभेद्य मानलेल्या गुप्तलिपी गणिताने फुटलेल्या नाहीत. कोणाच्या तरी टेबलावर राहिलेला कागद, नष्ट न झालेली वही किंवा एकट्या माणसाच्या हाती सोपवलेली तिजोरी यांमुळे त्या फुटल्या. या साहित्याचे कामाच्या ठिकाणी रक्षण कसे करावे, याचे एक स्वतंत्र शास्त्रच विकसित झाले आहे. संदेशवहन सुरक्षा या अर्थाने अमेरिकी लष्करात रूढ झालेल्या 'कॉमसेक' या संक्षिप्त नावाने ते ओळखले जाते.

या साहित्यात चार गोष्टींचा समावेश होतो. संदेश सांकेतिक रूपात बदलणारी यंत्रे ही पहिली. त्या यंत्रांची दुरुस्ती व वापर यांच्या पुस्तिका ही दुसरी. यंत्राची त्या-त्या दिवसाची मांडणी ठरवणाऱ्या 'किल्ल्या', म्हणजे अंकाक्षरांची पत्रके, छिद्रांकित फिती वा इलेक्ट्रॉनिक संच, ही तिसरी. आणि या किल्ल्या यंत्रात भरणारी छोटी उपकरणे ही चौथी. या चौघांत सर्वाधिक जपावी लागते ती किल्ली.

कुलूप शत्रूला ठाऊकच असते

असे का, याचे उत्तर १८८३ साली देण्यात आले. नेदरलँड्समध्ये जन्मलेले व फ्रान्समध्ये अध्यापन करणारे भाषातज्ज्ञ ऑगस्ट केरकॉफ्स यांनी लष्करी गुप्तलेखनावरील आपल्या प्रबंधात एक तत्त्व मांडले. गुप्तलेखनाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, अशीच ती रचलेली असावी. गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. बाजारात एकाच बनावटीची हजारो कुलपे मिळतात, म्हणून आपले घर असुरक्षित ठरत नाही. आपली किल्ली आपल्याजवळ असते, एवढेच पुरेसे असते.

या तत्त्वाची दुसरी बाजू अशी, की किल्ली गेली तर उत्तमोत्तम यंत्रही निरुपयोगी ठरते. २६ ऑगस्ट १९१४ रोजी फिनलंडच्या आखातात जर्मनीची 'माग्देबुर्ग' ही क्रूझर दाट धुक्यात उथळ पाण्यात रुतली. रशियनांना तिच्यावर जर्मन नौदलाची संकेतपुस्तके सापडली आणि त्यांतील एक प्रत त्याच वर्षी ब्रिटिशांकडे पोहोचली. त्यानंतर लंडनमधील नौदल मुख्यालयात जर्मन संदेश वाचले जाऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन नौदलाने काही संकेतपुस्तके पाण्यात विरघळणाऱ्या शाईने छापली होती. तरीही ३० ऑक्टोबर १९४२ रोजी भूमध्य समुद्रात बुडत असलेल्या 'यू-५५९' या पाणबुडीतून ब्रिटिश नौसैनिकांनी हवामानविषयक संकेतपुस्तक कोरडे बाहेर काढले. पाणबुडीत शिरलेले टोनी फॅसन व कॉलिन ग्रेझिअर हे दोघे तिच्यासोबत बुडाले. अटलांटिकमधील पाणबुड्यांचे संदेश ब्रिटिशांना सुमारे दहा महिने वाचता येत नव्हते. त्या पुस्तकाच्या साह्याने डिसेंबर १९४२ मध्ये ते पुन्हा वाचता येऊ लागले.

हिशेबाची साखळी

अशा अनुभवांतून किल्ल्यांच्या रक्षणाची जी पद्धत रुजली, ती वरकरणी एखाद्या कोषागाराच्या हिशेबासारखी आहे. प्रत्येक कचेरीत या साहित्यासाठी एक अभिरक्षक व त्याचा पर्यायी अधिकारी लेखी आदेशाने नेमला जातो. किल्लीच्या प्रत्येक पुस्तिकेवर वा डबीवर अनुक्रमांक असतो. ती छापली गेल्यापासून नष्ट होईपर्यंत ज्या-ज्या हातांतून जाते, त्या प्रत्येक हाताची स्वाक्षरी नोंदवली जाते. साहित्य आल्यावर प्रथम वेष्टन तपासायचे, मग पाने मोजायची आणि नंतरच पावतीवर सही करायची, हा क्रम ठरलेला असतो. ठराविक मुदतीने आणि अभिरक्षक बदलताना संपूर्ण साठा प्रत्यक्ष मोजला जातो.

कचेरीतील दैनंदिन शिस्तही तितकीच काटेकोर असते. तिजोरी उघडली केव्हा, कोणी, बंद कोणी केली आणि ती बंद असल्याची खात्री कोणी केली, याचा तक्ता तिजोरीलाच लावलेला असतो. तिजोरीच्या कुलपाचे अंक कोणी टेबलावरील दिनदर्शिकेत टिपून ठेवायचे नसतात. ते मोहोरबंद लिफाफ्यात, तितक्याच सुरक्षित जागी ठेवले जातात. ते अंक ठाऊक असलेली व्यक्ती बदलून गेली, की अंकही बदलले जातात. खोलीत प्रवेश देताना दोन प्रश्न विचारले जातात. या व्यक्तीची सुरक्षा तपासणी झाली आहे काय, हा पहिला. आणि तिच्या आजच्या कामासाठी हे साहित्य पाहणे आवश्यक आहे काय, हा दुसरा. केवळ हुद्दा मोठा आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नातून सूट मिळत नाही.

साखळीचा शेवटचा दुवा नष्ट करण्याचा. वापरून झालेली किल्ली निरुपयोगी होते, हा मोठा गैरसमज होय. शत्रूने कालचे संदेश ध्वनिमुद्रित करून ठेवलेले असतील, तर कालची किल्ली त्याच्यासाठी आजही मौल्यवान असते. म्हणूनच मुदत संपलेली किल्ली लगेच, सामान्यतः १२ तासांच्या आत, साक्षीदारासमक्ष नष्ट करून दोघांनी सही करण्याचा दंडक आहे.

हिशेब बरोबर, तरीही चोरी

एवढी काटेकोर पद्धत असताना अमेरिकी नौदलाच्या किल्ल्या तब्बल सतरा वर्षे सोव्हिएत संघाकडे जात राहिल्या, ही या क्षेत्रातील सर्वांत मोठी धक्कादायक घटना. जॉन वॉकर हा अमेरिकी नौदलातील वॉरंट ऑफिसर व्हर्जिनियातील नॉरफोक येथे पाणबुडी दलाच्या संदेशवहन केंद्रात काम करीत असे. १९६७ साली तो वॉशिंग्टनमधील सोव्हिएत दूतावासात सरळ चालत गेला. सोबत 'केएल-४७' या यंत्राचे किल्लीपत्रक होते. कर्जबाजारी झालेल्या वॉकरला हवे होते ते पैसे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, २३ जानेवारी १९६८ रोजी, उत्तर कोरियाने 'पुएब्लो' हे अमेरिकी टेहळणी जहाज पकडले. जहाजावरील खलाशांनी घण आणि कुऱ्हाडींनी यंत्रे फोडण्याचा व कागद जाळण्याचा प्रयत्न केला. परंतु साहित्य इतके प्रचंड होते, की ते पूर्ण नष्ट करणे त्यांना शक्य झाले नाही. एक खलाशी मृत्युमुखी पडला आणि ८२ जण अकरा महिने कैदेत राहिले. यंत्रे व पुस्तिका शत्रूच्या हाती पडल्या, तरी किल्ल्या बदलल्या असल्याने संदेश सुरक्षित आहेत, असे अमेरिकी अधिकाऱ्यांनी गृहीत धरले. केरकॉफ्स यांच्या तत्त्वानुसार ते योग्यही होते. मात्र नव्या किल्ल्या वॉकर पुरवीत आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

वॉकरची कार्यपद्धती अत्यंत साधी होती. तो कागद चोरत नसे. मिनॉक्स या छोट्या कॅमेऱ्याने त्याचे छायाचित्र घेऊन तो परत जागेवर ठेवीत असे. त्यामुळे मोजणीत पान कमी भरत नसे, पावत्या जुळत आणि नष्ट केल्याच्या दाखल्यावर योग्य त्या सह्या असत. पुढे 'नायगारा फॉल्स' या रसदपुरवठा जहाजावर तो स्वतःच या साहित्याचा अभिरक्षक बनला. ज्याच्यावर पहारा ठेवायचा, तोच पहारेकरी झाला. स्वतःच्या पार्श्वभूमीच्या फेरतपासणीची नोंदही त्याने बनावट केली होती. १९७६ मध्ये निवृत्त होण्यापूर्वी त्याने जेरी व्हिटवर्थ या रेडिओ विभागातील सहकाऱ्याला सामील करून घेतले. पुढे त्याच जहाजावर व्हिटवर्थही अभिरक्षक झाला. वॉकरचा भाऊ आर्थर आणि 'निमित्झ' या विमानवाहू जहाजावर असलेला मुलगा मायकेल हेही या टोळीत होते.

ही टोळी उघडकीस आली ती कोणत्याही तपासणीमुळे नव्हे. वॉकरची घटस्फोटित पत्नी बार्बरा हिने नोव्हेंबर १९८४ मध्ये एफबीआयला माहिती दिली. मे १९८५ मध्ये वॉकरने मेरीलँडमधील एका रस्त्याकडेला ठेवलेल्या पिशवीत 'निमित्झ'वरील १२९ गोपनीय कागदपत्रे सापडली आणि २० मे रोजी त्याला अटक झाली. वॉकर व आर्थर यांना जन्मठेप झाली, मायकेलला २५ वर्षांची, तर व्हिटवर्थला १९८६ मध्ये ३६५ वर्षांची शिक्षा झाली. वॉकर २०१४ मध्ये तुरुंगातच मरण पावला. सोव्हिएत गुप्तहेर संघटनेतून १९८५ मध्ये फुटून आलेला अधिकारी विताली युर्चेन्को याने या किल्ल्यांच्या आधारे दहा लाखांहून अधिक संदेश वाचले गेल्याचे सांगितले होते.

नियम होते, पाळणारे नव्हते

वॉकरने नियमांतील उणिवेचा लाभ घेतला. कॅलिफोर्नियातील 'टीआरडब्ल्यू' या उपग्रहनिर्मिती कंपनीत त्याआधी घडलेले प्रकरण मात्र नियमच धाब्यावर बसवण्याचे होते. १९७४ साली नोकरीस लागलेल्या ख्रिस्तोफर बॉइस या २१ वर्षांच्या तरुणाला आठवड्याला १४० डॉलर पगार होता. थोड्याच अवधीत त्याला सीआयएशी होणारे सांकेतिक संदेशवहन ज्या बंदिस्त खोलीतून चाले, तेथे नेमण्यात आले. तेथील साहित्य त्याने आपल्या मित्रामार्फत मेक्सिको सिटीतील सोव्हिएत दूतावासाला विकले. जानेवारी १९७७ मध्ये दोघेही पकडले गेले. एप्रिल १९८५ मध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष देताना बॉइसने त्या खोलीतील वातावरणाचे वर्णन केले. सांकेतिक किल्ल्यांचा लगदा करण्यासाठी दिलेल्या यंत्रात कर्मचारी मद्याचे कॉकटेल बनवीत असत, असे त्याने सांगितले. कागदावरील नियम आणि कचेरीतील वहिवाट यांच्यात किती अंतर असू शकते, याचे याहून बोलके उदाहरण नाही.

दोन माणसे, एक डबी

वॉकर प्रकरणानंतर अमेरिकेच्या संरक्षण खात्याने निवृत्त जनरल रिचर्ड स्टिलवेल यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला आणि सुरक्षा पद्धतीत अनेक बदल झाले. त्यांतील सर्वांत महत्त्वाचा म्हणजे 'दोन व्यक्तींचा नियम' अधिक कठोर होणे. अतिगोपनीय किल्लीपाशी कोणीही, अगदी अभिरक्षकही, एकटा असता कामा नये. तिजोरीला दोन स्वतंत्र कुलपे असतात आणि एकाला दुसऱ्याचे अंक ठाऊक नसतात. आपल्याकडील बँकांत रोकड ठेवण्याची तिजोरी दोन अधिकाऱ्यांच्या संयुक्त ताब्यात असते, त्यामागील विचारही हाच आहे. मोजणीमुळे हरवलेला कागद कळतो. नक्कल केलेला कागद कळत नाही. नक्कल रोखायची तर दुसऱ्या डोळ्यांची जोड अपरिहार्य ठरते.

किल्लीच्या स्वरूपानेही या विचाराला साथ दिली. महिनाभराचे पत्रक एकदम उघडे पडण्याऐवजी छिद्रांकित फीत प्लास्टिकच्या बंद डबीत येऊ लागली. डबीच्या फटीतून एका दिवसाचा तुकडा बाहेर ओढता येतो. तो पुन्हा आत घालता येत नाही. उद्याची किल्ली आज पाहिली गेली, तर ते लपत नाही. १९८७ पासून वापरात आलेल्या 'एसटीयू-३' या सुरक्षित दूरध्वनीत तर किल्लीच्याच आकाराचे प्लास्टिकचे साधन असे. ते काढून घेतले, की टेबलावर उरे तो साधा दूरध्वनी. ही सेवा २००९ अखेर बंद झाली. पुढे बऱ्याच किल्ल्या इलेक्ट्रॉनिक स्वरूपात थेट यंत्रापर्यंत जाऊ लागल्या आणि त्यांना वाटेत मानवी हात लागण्याचे प्रसंग कमी झाले.

भारतातील तरतूद

भारतात १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमातही या साहित्याचे वेगळेपण मान्य केलेले आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात हेरगिरीसाठी सामान्यतः तीन वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. मात्र गुन्हा संरक्षणविषयक आस्थापना किंवा गुप्त सरकारी संकेत यांच्याशी संबंधित असेल, तर ही मर्यादा चौदा वर्षांपर्यंत जाते. कायदा करणाऱ्यांनी गुप्त संकेताला शस्त्रागाराच्या पंक्तीत बसवले, ही बाब लक्षणीय आहे.

कागदी पत्रके मागे पडली, तरी धोका संपलेला नाही. मिनॉक्स कॅमेरा वॉकरला लपवून न्यावा लागे. आज त्याहून उत्तम कॅमेरा प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्ये असतो. अशा खोल्यांबाहेर मोबाइल काढून ठेवण्यासाठी कप्पे असतात, ते याचमुळे. या खोल्यांतून काम करणाऱ्यांना नियम अनेकदा जाचक वाटतात. विश्वासू सहकाऱ्यासमोर पुन्हा पाने मोजणे, दोन पावलांवरील कामासाठीही तिजोरी बंद करणे, वरिष्ठाकडे सहीचा आग्रह धरणे हे संकोचाचे असते. परंतु वॉकरही सतरा वर्षांपैकी बराच काळ एक विश्वासू सहकारीच होता. सर्वांना सारखाच लागू होणारा नियम प्रामाणिक माणसाचाही बचाव करतो. कारण काही हरवलेच, तर दुसऱ्याची सही त्याच्या निर्दोषत्वाची साक्ष देते.