दुसऱ्याचा विमा मी कायले भरू?

दरवर्षी गाडीच्या विम्याचं नूतनीकरण आलं की आमच्या बिरसीच्या घरी एक वाक्य हमखास ऐकू येतं. मोठे बाबा कागद दूर धरून वाचतात आणि म्हणतात, "गाडी माही, पैसे माहे. मंग दुसऱ्याचा विमा मी कायले भरू?" फोन करणारे पुण्याचे भाचेही जरा शुद्ध भाषेत हेच विचारतात. तेव्हा म्हटलं, एकदाचं सविस्तर लिहूनच टाकावं. कारण प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर विमा कंपनीच्या माहितीपत्रकात सापडत नाही. ते इतिहासात सापडतं.

मोटारी रस्त्यावर आल्या तेव्हा अपघात झाला की कायदा एवढंच म्हणायचा: ज्याची चूक त्याने भरपाई द्यावी. ऐकायला ठीक. पण गाडीवाल्याच्या खिशात दमडी नसेल तर? कोर्टात जिंकलेला हुकूमनामा घेऊन विधवेने घरी बसायचं. इंग्लंडमध्ये हे इतक्यांदा घडलं की १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्याने गाडीवाल्याला विमा सक्तीचा केला. स्वतःच्या गाडीचा नाही हं, तिच्यामुळे ज्याला इजा होईल त्याच्यासाठीचा. आपण ज्याला 'थर्ड पार्टी' म्हणतो तो हाच. पहिला पक्ष गाडीमालक, दुसरा विमा कंपनी, आणि तिसरा तो, ज्याने या कागदावर कधी सहीच केली नाही.

आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९३९ साली आला. पण त्यातलं सक्तीच्या विम्याचं प्रकरण लागू झालं १ जुलै १९४६ पासून. मधल्या सात वर्षांत काय काय झालं! आमच्या बिरसीची धावपट्टी त्याच काळातली. दुसरं महायुद्ध चालू असताना इंग्रजांनी ती १९४० मध्ये बांधली. आज त्याच विमानतळावर पोरं वैमानिक व्हायला शिकतात. मनात येतं, त्या बांधकामाच्या दिवसांत एखाद्या खासगी ट्रकखाली कामावरचा मजूर सापडला असता, तर त्याच्या घरच्यांच्या पाठीशी सक्तीचा विमा नव्हता. कायदा पुस्तकात होता, एवढंच.

लागू झाल्यावरही हात आखडताच होता. मालवाहू गाडीच्या एका अपघातात विमा कंपनीची जबाबदारी सुरुवातीला २०,००० रुपयांपर्यंत. १९६९ च्या दुरुस्तीने ती ५०,००० झाली, १९८२ च्या दुरुस्तीने दीड लाख. दरम्यान १९५६ च्या दुरुस्तीने अपघाताच्या दाव्यांसाठी वेगळी न्यायाधिकरणं काढायची वाट मोकळी केली, म्हणजे गरिबाला दिवाणी दाव्याच्या फेऱ्यात अडकायला नको. पुढे १९८८ चा नवा कायदा आला, १ जुलै १९८९ पासून लागू झाला, आणि मृत्यू किंवा दुखापतीच्या भरपाईवरची ही कमाल मर्यादाच त्याने काढून टाकली.

आता हप्ता का वाढतो ते इथे कळतं. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचं गणित एकसारखं करून दिलं. मृताचं वार्षिक उत्पन्न घ्यायचं, त्याचा स्वतःचा खर्च वजा करायचा, आणि वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं. वय १५ ते २५ असेल तर १८ ने, पुढे वय वाढेल तसा आकडा उतरत जातो. लोकांचं उत्पन्न वाढलं की भरपाई वाढते, भरपाई वाढली की हप्ता. म्हणजे हप्त्याची वाढ ही काही अंशी माणसाच्या जिवाची किंमत हिशेबात धरू लागल्याची खूण आहे.

मंडळी, आपल्या कागदावर दोन हप्ते असतात ते वेगवेगळे वाचा. थर्ड पार्टीचा दर सरकारी. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरात खासगी कारसाठी १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७, कर वेगळा. यात बिरसी आणि मुंबई सारखीच. चालवणारा वीस वर्षांचा की सत्तरचा, हेही विचारत नाहीत. अमेरिकेतल्या बहिणीला हे सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. तिकडे मुलगा गाडी चालवायला लागला की अख्ख्या घराचा हप्ता उडी मारतो. आपल्याकडे मोजतात ते गाडीचं इंजिन.

दुसरा हप्ता आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तिथे गाव येतं. २००२ च्या दरपत्रकाने देशाचे दोन भाग केले होते. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद हा 'ए' विभाग, बाकी सगळा 'बी'. पाच वर्षांच्या आतल्या, हजार ते दीड हजार सीसीच्या गाडीला 'ए' मध्ये किमतीच्या ३.२८३ टक्के, 'बी' मध्ये ३.१९१. पाच लाखांच्या गाडीमागे फरक ४६० रुपयांचा. गाडीची नोंदणी कुठली हे बघायचं, म्हणून एमएच-३५ पाटीचा हा एवढाच फायदा! १ जानेवारी २००७ पासून या भागाचे दर कंपन्यांना मोकळे झाले, म्हणून आता चार ठिकाणी चौकशी केलेली बरी.

गाडीची विम्यातली किंमतही वयानुसार उतरते. दुसऱ्या वर्षात २० टक्के वजा, पाचव्या वर्षात निम्मी. दावा न केल्याची सवलत पहिल्या वर्षानंतर २० टक्के, सलग पाच वर्षांनंतर ५०. ही सवलत मालकाची, गाडीची नव्हे. जुनी विकून नवी घेतलीत तर सोबत नेता येते. मात्र मुदत संपून ९० दिवस उलटले की गेली. बंपरवरच्या ओरखड्यासाठी दावा करण्याआधी हा हिशेब मांडावा.

आणखी एक, आमच्या भागातल्या सगळ्यांसाठी. लग्नाचं वऱ्हाड मालवाहू पिकअपमध्ये बसवून नेतात. फुकट बसलेला माणूस मालगाडीत 'तिसरा पक्ष' धरला जात नाही, त्याच्यासाठी विमा कंपनी बांधील नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये दिला. विमा भरलेला असूनही पिकअपमधला मामा उघडाच. सगळा बोजा गाडीमालकावर, म्हणजे बहुतेकदा आपल्याच भावकीतल्या कुणावर.

पहिल्या वर्षानंतर विमा सोडून देणारे इतके झाले, की सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने बिनविम्याच्या गाडीला पहिल्यांदा २,००० रुपये दंड केला. पण दंडाने पोलिसाची भीती वाटते, बाकी काही समजत नाही.

समजायचं ते असं. आपण गाडीत बसतो तेवढा वेळ पहिला पक्ष असतो. उतरून पानटपरीकडे चालू लागलो की तिसरा. धान निघाल्यावर अंधारात कामठ्याच्या रस्त्याने सायकलवर परतणारा मजूर तर आयुष्यभर तिसराच. त्याचा हप्ता तो भरू शकत नाही, कारण कुठली गाडी त्याला धडकेल हे त्याला ठाऊक नसतं. तो भरायचा ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे त्याने. आणि आपण रस्त्यावर पायी असताना आपला हप्ता कुणीतरी अनोळखी माणसाने भरलेला असतो.

असो. या महिन्यात ज्यांची मुदत संपतेय त्यांनी आज संध्याकाळीच कागद काढून तारीख बघा.