जांबोटीला पाहण्यासारखे काय आहे?

गोव्याकडे निघालेले आमचे आप्तेष्ट वाटेत जांबोटीला थांबतात. बेळगावहून कणकुंबी आणि चोर्ला घाटाकडे जाणारा रस्ता आमच्या गावावरूनच जातो. चहापाणी होते, खव्याची पुडी बांधून दिली जाते, आणि गाडीत बसता बसता ठरलेला प्रश्न येतो, ‘काय हो, तुमच्या जांबोटीला पाहण्यासारखे काय आहे?’ विचारणाऱ्याच्या मनात कुत्सितपणा नसतो. आमच्या वेशीवर मोठ्या तीर्थक्षेत्राची पाटी नाही, की एखाद्या राजधानीचा दरवाजा नाही. तेव्हा प्रश्न रास्तच म्हणायचा.

पूर्वी मी वज्रपोहा आणि चिखले या दोन धबधब्यांची नावे सांगून मोकळा होत असे. त्यांचे सौंदर्य निर्विवाद आहे. पण धबधबा पाहून माणूस ‘वा!’ म्हणतो आणि परततो. या मुलखाची ओळख त्याला होत नाही. गेली काही वर्षे मी पाहुण्यांना वेगळ्या क्रमाने हिंडवतो. वाचनालयाच्या शताब्दीनिमित्त लिहिण्याची आज्ञा झाली, तेव्हा तोच क्रम सभासदांपुढे ठेवावा असे वाटले. त्यामागे वाचनालयाचे एक ऋणही आहे, ते ओघात सांगतो.

एका आषाढात पुण्याचे एक स्नेही आमच्या घरी अडकून पडले. दोन दिवस धार तुटली नव्हती. पडवीत बसून त्यांनी विचारले, ‘रस्ते नव्हते, वीज नव्हती, तेव्हा असल्या पावसात इथली माणसे चार महिने काढत तरी कशी?’ मराठीच्या अध्यापकापाशी याचे उत्तर नव्हते. ते पुढे याच वाचनालयातील संदर्भग्रंथांच्या कपाटात मिळाले, आणि ते निघाले दीड हजार वर्षांपूर्वीचे.

म्हणून माझी पाहुण्यांबरोबरची फेरी हलशीपासून सुरू होते. खानापूरच्या आग्नेयेस, नंदगडच्या पलीकडे हे गाव आहे. नंदगडला क्षणभर थांबावे. १८३१ मध्ये इंग्रजांनी फाशी दिलेल्या संगोळ्ळी रायण्णाची समाधी येथे आहे. तेथून पुढे हलशी. आज शांत खेडे वाटणारे हे स्थान कदंब राजांच्या काळी ‘पलाशिका’ या नावाने नांदत होते. गोव्याच्या कदंबांनी बाराव्या शतकात वैभवाला आणलेले भूवराह-नरसिंहाचे देवालय येथे उभे आहे. त्यातील समोरासमोरचे दोन गाभारे पाहुण्यांना नेहमीच चकित करतात. परंतु मला अधिक मोलाचे वाटतात ते हलशीला सापडलेले संस्कृत ताम्रपट. गेल्या शतकाच्याही आधी फ्लीट या इंग्रज अधिकाऱ्याने ते वाचून प्रसिद्ध केले. मृगेशवर्मा या कदंब राजाने आपल्या पित्याच्या स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय बांधविल्याची नोंद त्यांत आहे. पुढे रविवर्म्याच्या काळातील एका ताम्रपटात अशी व्यवस्था लावून दिलेली आढळते की, एका गावाच्या उत्पन्नातून दरवर्षी कार्तिकात जिनेंद्राचा आठ दिवसांचा उत्सव व्हावा आणि पावसाळ्याचे चार महिने यतींच्या अन्नाची सोय व्हावी.

माझ्या स्नेह्यांच्या प्रश्नाचे उत्तर ते हेच. येथला पाऊस एकेकट्याने काढायचा नसतो, त्याची तजवीज समाजाने करायची असते. पाऊस लागण्यापूर्वी सरपण, भात, मीठ, सुकी मासळी भरून ठेवण्याची आमच्या घरांतील लगबग मी लहानपणापासून पाहत आलो होतो. तिच्यापाठी इतका जुना लेख उभा आहे याची कल्पना मात्र नव्हती.

दुसरे स्थान मलप्रभेच्या काठचा हब्बनहट्टीचा स्वयंभू मारुती. पावसाळ्यात नदी चढते आणि देऊळ पाण्याखाली जाते. भाविक तेव्हा काठावरूनच हात जोडतात. पाणी ओसरले की गाळ काढायचा, देऊळ धुवायचे आणि पूजा पुन्हा सुरू करायची. देव पाण्यात गेला म्हणून कोणी हवालदिल होत नाही.

येथून नदीच्या उगमाकडे निघावे. कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचे उगमकुंड आहे. बारा वर्षांनी भरणाऱ्या माउलीच्या यात्रेला घाटाखालूनही लोक लोटतात. कुंडाशी उभे राहून मी पाहुण्यांना या ओंजळभर पाण्याचा पुढला प्रवास सांगतो. खानापूरवरून वाहत ते सौंदत्तीजवळ नविलतीर्थाच्या धरणात साठते. बदामीच्या चालुक्यांनी ज्या पट्टदकलला आपली मंदिरे उभारली, तेही याच नदीच्या काठी; १९८७ मध्ये त्याची जागतिक वारसास्थळांत गणना झाली. पुढे ऐहोळे, आणि सुमारे तीनशे किलोमीटरांच्या वाटचालीनंतर कूडलसंगमाला कृष्णेशी भेट, जेथे महात्मा बसवेश्वर ऐक्य पावले. कर्नाटकाच्या इतिहासातील इतकी मानाची पाने या नदीकाठी लिहिली गेली, आणि तिचा उगम मराठी बोलणाऱ्या गावात एका देवीच्या दारात आहे. हे ऐकून पाहुणे कुंडाकडे पुन्हा एकदा वळून पाहतात.

कणकुंबीचे खरे वैशिष्ट्य याहून वेगळे आहे. येथे सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी दुभंगते. मलप्रभा पूर्वेकडे निघते आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळते. जवळूनच निघणारा कळसा नाला पश्चिमेची वाट धरतो आणि म्हादईतून अरबी समुद्राला जातो. ही म्हादई आमच्याच खानापूर तालुक्यात देगावच्या रानात उगम पावते. गोव्यात तिला मांडवी म्हणतात. कळशाचे पाणी मलप्रभेत वळविण्याच्या योजनेवरून कर्नाटक आणि गोवा यांच्यात मोठा तंटा उभा राहिला. २०१० मध्ये लवाद नेमला गेला आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी त्याने निवाडा दिला. त्यात कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ अब्ज घनफूट पाणी आले. वाद मात्र त्यानंतरही न्यायालयात गेला. पूर्वेकडील कोरड्या तालुक्यांना पाणी हवे आहे. गोव्याला आपली नदी आटेल ही धास्ती आहे. दोन्ही बाजूंचे पाहुणे माझ्याकडे आले आहेत, आणि दोघांनाही मी याच माथ्यावर उभे केले आहे. एकदा आमचा वाद रंगात आला असता शेजारी गुरे राखणारे एक आजोबा म्हणाले, ‘पाणी कुणाला इचारून व्हातंय व्हय?’ त्यावर कोणी काही बोलले नाही.

माणसांच्या सीमाही येथे पाण्यासारख्याच फिरल्या. घाटाखाली १९६१ च्या डिसेंबरपर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. माझ्या आजोबांच्या दृष्टीने सत्तरीतले सोयरे म्हणजे परमुलखातले सोयरे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्याचा सल येथील मराठी माणसाच्या मनात आहे, आणि या वाचनालयाच्या वाचकांना तो मी वेगळा सांगायला नको. तरीही माउलीच्या यात्रेत मराठी, कानडी आणि कोकणी या तिन्ही बोली एकाच रांगेत उभ्या असतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे.

फेरीतले शेवटचे स्थान सहसा प्रत्यक्ष दाखवता येत नाही, कारण तेथे जाण्यास वनखात्याची परवानगी लागते. ते म्हणजे भीमगडचे अरण्य. शिवकाळाशी नाते सांगणारा भीमगड किल्ला या रानात आहे. २०११ मध्ये सुमारे १९० चौरस किलोमीटरचा हा प्रदेश अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्यातील तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत वटवाघळाची एक जात राहते. १९१३ मध्ये शास्त्रज्ञांनी तिचे वर्णन करून रॉटन या वनाधिकाऱ्याचे नाव तिला दिले. पुढे कित्येक दशके साऱ्या जगात या जातीचा ठावठिकाणा म्हणून याच गुहांकडे बोट दाखवले जाई. मेघालयात आणि कंबोडियात ती आढळली ती फार नंतर.

पण त्या रानात माणसेही राहत आली आहेत. गवाळी, पास्टोली, कोंगळा, कृष्णापूर, देगाव, तळेवाडी, आमगाव ही त्यांची गावे. पावसाळ्यात नाले भरले की लाकडी साकवाखेरीज वाट उरत नाही. आजारी माणसाला खांद्यावरून मैलोगणती वाहून आणावे लागते. म्हणूनच भरपाई घेऊन रानाबाहेर येण्यास तळेवाडीची कुटुंबे तयार झाली, आणि २०२५ मध्ये त्या स्थलांतरास आरंभ झाला. त्यांच्या मुलांना शाळा मिळावी, दवाखाना मिळावी लागणारी पायपीट थांबावी, यात दुमत असण्याचे कारण नाही. रानालाही कदाचित उसंत मिळेल. माझ्या मनाला टोचते ते निराळेच. गाव उठले की तेथील झऱ्यांची, शेताच्या तुकड्यांची, देवराईतल्या देवांची नावे कोण सांगणार? नकाशात गुहा राहील, किल्ला राहील. पण ‘या वाटेने आमची आजी मीठ आणायला जायची’ असे म्हणणारा माणूस तेथे नसेल.

हलशीचे यती कधीच काळाच्या पडद्याआड गेले. त्यांच्या चार महिन्यांच्या अन्नाची गोष्ट मात्र तांब्यावर कोरलेली होती, ती कोणी वाचली, छापली, आणि छापलेले पुस्तक एका वाचनालयाने जपले. म्हणून ती माझ्यापर्यंत आली. यांपैकी एक कडी निसटली असती तर माझ्या पाहुण्याचा प्रश्न अनुत्तरितच राहिला असता. तळेवाडीसाठी कोणी ताम्रपट कोरलेला नाही.

म्हणून वाचनालयाच्या चालकांना आणि आश्रयदात्यांना एक नम्र सूचना करतो. शताब्दीचे समारंभ होतील, सत्कार होतील. त्यांच्या जोडीने एक साधी जाड वही या कपाटात ठेवावी. सभासदांपैकी जे जे रानातल्या गावांचे, कणकुंबी-पारवाडचे, घाटावरचे असतील, त्यांनी आपापल्या गावची स्थलनामे, यात्रा, वाटा आणि म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या हकिगती त्यात उतरवाव्यात. लिहिता न येणाऱ्यांचे म्हणणे आमच्या विद्यार्थ्यांनी लिहून घ्यावे. ती जबाबदारी मी आनंदाने पत्करतो. पहिली नोंद तळेवाडीची असावी, आणि ती येत्या पावसाळ्यापूर्वी व्हावी.