जावा वेब अॅप बनवताना नेहमी येणाऱ्या ९ अडचणी आणि त्यांवरचे उपाय

जावामध्ये पहिलं वेब अॅप बनवताना कोड लिहायला जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षा जास्त वेळ "हे चालत का नाहीये?" हे शोधण्यात जातो. आजच्या लेखात आपण अशाच नेहमीच्या ९ अडचणी, त्यांची कारणं आणि उपाय बघणार आहोत.

मी केडगावचा. नगर-पुणे रस्त्यावरचं हे अहिल्यानगर शहराचं उपनगर. इंजिनिअरिंग झाल्यापासून जावावरच काम करतोय. उदाहरणासाठी आपल्या भागातलंच अॅप घेऊया: कांद्याच्या आडतीचं. केडगावजवळच नेप्तीचा कांदा बाजार आहे, त्यामुळे हा व्यवहार इथल्या पोरांना माहीत असतो. शेतकरी माल आणतो, वजन होतं, लिलावात भाव ठरतो, हमाली-तोलाई वजा जाते आणि शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी येते. ही पट्टी आपलं अॅप छापणार आहे असं समजा. म्हणजे अॅप चुकलं तर नुसता स्क्रीनवर एरर येत नाही, कुणाच्या तरी घामाचा पैसा चुकतो.

एक छोटी सूचना: जावातली नावं इथे उच्चाराप्रमाणे मराठीत लिहिली आहेत. कोड टाइप करताना ती अर्थातच इंग्रजीत टाइप करायची.

सगळ्यात आधी: लॉग वाचायला शिका

ब्राउझरमध्ये ५०० नंबरचा एरर दिसला की बरेच जण तोच नंबर गूगलवर शोधत बसतात. पण ५०० चा अर्थ फक्त "सर्व्हरवर काहीतरी बिघडलं" एवढाच आहे. खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये असतं. तिथला लांबलचक स्टॅक ट्रेस बघून घाबरू नका. त्यात दोनच गोष्टी शोधायच्या:

- "कॉज्ड बाय" ने सुरू होणारी सगळ्यात खालची ओळ. मूळ दुखणं बहुतेक वेळा तिथेच असतं.
- तिच्या खाली, तुमच्या स्वतःच्या पॅकेजचं नाव असलेली पहिली ओळ. फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर तिथे मिळतो.

ही एक सवय लागली तरी निम्मं काम झालं. आता एकेक अडचण बघू.

१. पोर्ट ८०८० आधीच वापरात आहे

टॉमकॅट सर्व्हर मुळात ८०८० या पोर्टवर चालतो. एका पोर्टवर एका वेळी एकच प्रोग्राम ऐकू शकतो. तुम्ही मघाशी चालवलेलं अॅप बंद न करता पुन्हा "रन" दाबलं, की दुसऱ्याला जागा मिळत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये आणखी एक कारण सापडतं: ओरॅकल डेटाबेसची जुनी एक्सप्रेस एडिशन, म्हणजे १०जी आणि ११जी. तिचं वेब पेजसुद्धा ८०८० वरच चालतं.

उपाय: विंडोजवर "नेटस्टॅट" कमांडने त्या पोर्टवर कोणता प्रोसेस बसलाय त्याचा नंबर काढा आणि टास्क मॅनेजरमधून तो बंद करा. तो बंद करण्यासारखा नसेल, तर आपलाच पोर्ट बदला. टॉमकॅटमध्ये तो सर्व्हर डॉट एक्सएमएल फाइलमध्ये असतो. स्प्रिंग बूटमध्ये अॅप्लिकेशन डॉट प्रॉपर्टीजमध्ये सर्व्हर डॉट पोर्ट ही एक ओळ बदलली की झालं.

२. पेज आहे, तरी ४०४

टॉमकॅटमध्ये वॉर फाइलचं नाव हाच पत्त्याचा पहिला भाग बनतो. फाइलचं नाव "कांदा" असेल, तर पत्त्यात पोर्टनंतर आधी "कांदा" आणि मग पेजचं नाव यायला हवं. हा भाग विसरला की ४०४.

दुसरं कारण जास्त फसवं आहे. विंडोजवर फाइलच्या नावातलं कॅपिटल आणि स्मॉल अक्षर सहसा एकच धरलं जातं, लिनक्सवर ते वेगळं असतं. म्हणून चित्र किंवा पेज लॅपटॉपवर व्यवस्थित दिसतं आणि लिनक्स सर्व्हरवर टाकलं की गायब होतं. सरळ नियम ठेवा: फाइलची सगळी नावं स्मॉल अक्षरात.

३. जुना कोड, नवा टॉमकॅट

यूट्यूबवर बघून सर्व्हलेट लिहिला, कोड तंतोतंत तोच, तरी तुमच्याकडे "क्लास सापडला नाही" असा एरर येतो. याचं कारण इतिहासात आहे. २०१७ मध्ये ओरॅकलने जावा ईई हा प्रकल्प एक्लिप्स फाउंडेशनकडे देण्याचा निर्णय घेतला. पुढे त्याचं नाव जकार्ता ईई झालं आणि पॅकेजच्या नावातला "जावाएक्स" जाऊन तिथे "जकार्ता" आला.

टॉमकॅट ९ ला "जावाएक्स" समजतं, टॉमकॅट १० ला "जकार्ता". नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या स्प्रिंग बूट ३ ला पण "जकार्ता"च लागतं आणि सोबत किमान जावा १७ लागतो. त्यामुळे व्हिडिओ जुना असेल तर एक तर टॉमकॅट ९ वापरा, नाहीतर सर्व्हलेटच्या इम्पोर्ट ओळी बदला. मात्र "जावाएक्स" दिसेल तिथे डोळे झाकून बदलू नका. डेटाबेसचं "जावाएक्स डॉट एसक्यूएल" जावाच्या आतलं आहे, ते तसंच राहतं.

४. मराठी नावाच्या जागी प्रश्नचिन्हं

आपल्यासाठी ही सगळ्यात महत्त्वाची अडचण. शेतकऱ्याचं नाव मराठीत टाकलं आणि पट्टीवर "????" छापून आलं. यात दोन प्रकार आहेत, ते आधी ओळखा:

- प्रश्नचिन्हं दिसतात: मध्ये कुठेतरी अशी एन्कोडिंग वापरली गेली जिच्यात देवनागरीला जागाच नाही. डेटाबेसमध्येच प्रश्नचिन्हं साठली असतील तर मूळ नाव गेलं, परत मिळत नाही.
- विचित्र परदेशी अक्षरं दिसतात: बाइट्स बरोबर आहेत, पण वाचणारा त्यांना चुकीच्या एन्कोडिंगने वाचतोय. हा डेटा बहुतेक वेळा वाचवता येतो.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. "केडगाव" हा शब्द डोळ्यांना ४ अक्षरांचा दिसतो. पण मात्रा आणि काना वेगळे मोजले जातात, म्हणून जावाची लेंग्थ मेथड ६ सांगते आणि यूटीएफ-८ मध्ये त्याचे १८ बाइट होतात. नावाच्या रकान्याची लांबी ठरवताना हे लक्षात ठेवा.

उपाय म्हणजे साखळीतली प्रत्येक कडी यूटीएफ-८ वर आणणं:

- पेज: एचटीएमएलच्या डोक्यात चारसेट लिहा.
- रिक्वेस्ट: जुन्या सर्व्हलेट नियमाप्रमाणे, काही सांगितलं नसेल तर पोस्टने आलेला फॉर्म आयएसओ-८८५९-१ समजून वाचला जातो. म्हणून पहिला पॅरामीटर वाचायच्या आधी सेटकॅरॅक्टरएन्कोडिंग बोलवा. नंतर बोलावून उपयोग नाही.
- डेटाबेस: मायएसक्यूएलमध्ये "यूटीएफ८एमबी४" निवडा. तिथलं जुनं "यूटीएफ८" ३ बाइटपर्यंतच जातं. त्यात मराठी बसतं, पण इमोजी आला की अडतं.
- फाइल: जावा १८ पासून यूटीएफ-८ हीच मूळ एन्कोडिंग आहे. त्याआधीचा जावा ऑपरेटिंग सिस्टीमची एन्कोडिंग घेतो, म्हणून फाइल वाचताना-लिहिताना एन्कोडिंग स्वतः सांगा.

५. नलपॉइंटरएक्सेप्शन

ज्या व्हेरिएबलमध्ये काहीच नाही, त्याच्यावर मेथड बोलावली की हा एरर येतो. वेब अॅपमध्ये याचं नेहमीचं कारण म्हणजे फॉर्ममधल्या रकान्याचं नाव आणि गेटपॅरामीटरमध्ये लिहिलेलं नाव वेगळं असणं. फॉर्ममध्ये "वजन" आहे आणि कोडमध्ये "वजनकिलो" मागितलं, तर नल मिळणारच.

जावा १५ पासून नेमकं कोणतं व्हेरिएबल नल होतं ते एररच्या मजकुरातच लिहून येतं. जुना जावा वापरत असाल तर बदलायला हे एक कारण पुरेसं आहे. आणि एक विनंती: एरर लपवण्यासाठी रिकामा कॅच ब्लॉक लिहू नका. वजन वाचलंच गेलं नाही, तरी पट्टी छापली जाईल आणि कुणाला कळणारही नाही.

६. सकाळी चालतं, दुपारी अडकतं

अॅप सुरू केल्यावर मस्त चालतं. गर्दी वाढली की पेज फिरत राहतं. रिस्टार्ट केलं की पुन्हा ठीक. असं दिसलं तर आधी डेटाबेस कनेक्शन तपासा.

कनेक्शन म्हणजे बाजारातल्या हातगाड्या समजा. १० गाड्या आहेत, काम झालं की परत आणून लावायच्या. प्रत्येकाने नेलेली गाडी तिकडेच सोडली, तर अकराव्याला गाडी मिळत नाही. स्प्रिंग बूटमध्ये येणाऱ्या हिकारी पूलमध्ये मुळात जास्तीत जास्त १० कनेक्शन असतात. ती सगळी अडकली की नवी रिक्वेस्ट ३० सेकंद वाट बघते आणि मग एरर देते.

उपाय: कनेक्शन, स्टेटमेंट आणि रिझल्टसेट तिन्ही ट्राय-विथ-रिसोर्सेस मध्ये उघडा. ही सोय जावा ७ पासून आहे. मध्येच एरर आला तरी सगळं आपोआप बंद होतं. पूलचा आकडा १० वरून १०० केला तर गळती थांबत नाही, फक्त अडकायला थोडा जास्त वेळ लागतो. गळती कुठे आहे ते शोधायला हिकारीची लीक डिटेक्शन थ्रेशोल्ड सेटिंग चालू करा.

७. तारीख एक दिवस मागे

क्लाउडवरचे सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसी वेळेवर चालतात. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे रात्री १२ ते पहाटे ५:३० या वेळात सर्व्हरवर अजून आदलीच तारीख चालू असते. कॉलेज प्रोजेक्टमध्ये हे कळत नाही, कारण पहाटे ३ वाजता कुणी टेस्टिंग करत नाही. पण कांद्याची गाडी रात्रीतून आली आणि तिची आवक पहाटे ३ ला नोंदवली, तर पट्टीवर कालची तारीख येते. भाव रोज बदलत असताना हा वाद छोटा नसतो.

उपाय: जावा ८ पासून मिळणारं जावा डॉट टाइम पॅकेज वापरा. डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीमध्येच साठवा आणि दाखवताना "एशिया/कोलकाता" हा झोन देऊन बदला. "आयएसटी" असं तीन अक्षरी नाव टाळा. तेच संक्षिप्त नाव इस्रायल आणि आयर्लंडच्या वेळेलाही वापरतात.

८. पैशांचा हिशोब जुळत नाही

जावामध्ये डबल प्रकारात ०.१ आणि ०.२ ची बेरीज करून बघा. उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. हा जावाचा दोष नाही. संगणक दोनच्या पायावर आकडे साठवतो आणि त्यात ०.१ नेमका बसत नाही, जसा आपल्या दशांशात १/३ बसत नाही. एका पट्टीत फरक दिसणार नाही, पण महिन्याच्या बेरजेत पैसे मागेपुढे झाले की रात्र जागून वह्या तपासाव्या लागतात.

पैसे आणि वजन दोन्हींसाठी बिगडेसिमल वापरा आणि तीन गोष्टी सांभाळा. आकडा अवतरण चिन्हात, म्हणजे स्ट्रिंग म्हणून द्या. भागाकार करताना राउंडिंग सांगा. तुलना इक्वल्सने न करता कम्पेअरटू ने करा, कारण इक्वल्सच्या लेखी २.० आणि २.०० वेगळे असतात.

९. प्रश्नात सरळ मजकूर जोडणं

एसक्यूएल क्वेरीमध्ये वापरकर्त्याने टाइप केलेलं नाव अधिकच्या चिन्हाने जोडलं, तर तो माणूस नावाच्या जागी एसक्यूएलच टाइप करू शकतो. मग दुसऱ्याच्या पट्ट्या बघणं किंवा अख्खी नोंद पुसणं शक्य होतं. यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. प्रिपेअर्डस्टेटमेंट वापरा आणि प्रत्येक किमतीच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवा. मग टाइप केलेला मजकूर फक्त मजकूरच राहतो, हुकूम बनत नाही.

जाता जाता: नाव बदलतं, कोड टिकतो

२०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव, २०२४ मध्ये आपलं अहिल्यानगर. ज्या अॅपमध्ये प्रत्येक ओळीत जिल्ह्याचं नाव लिहून ठेवलं होतं, तिथे निम्म्या नोंदी जुन्या नावाने आणि निम्म्या नव्या नावाने होणं साहजिक आहे. मग "जिल्ह्यानुसार यादी" मागितली की अर्धीच येते. गाड्यांच्या नंबरचं बघा: जिल्ह्याचं नाव बदललं, पण एमएच १६ तसाच राहिला. डेटाबेसमध्येही तेच करा. जिल्ह्यांचा वेगळा टेबल, त्यात एक न बदलणारा कोड, आणि बाकी सगळीकडे फक्त तो कोड. नाव बदललं तर एकच ओळ बदलायची.

मित्रांनो, या नऊपैकी पहिल्या तीन अडचणी अॅप चालूच देत नाहीत, म्हणून त्या लगेच कळतात. जास्त सावध राहायचं ते मराठी नाव, तारीख आणि पैशांच्या बाबतीत, कारण तिथे एरर न येता चुकीचं उत्तर येतं. म्हणून प्रोजेक्ट दाखवायच्या आधी तीन गोष्टी नक्की करून बघा: एक मराठी नाव टाका, घड्याळ पहाटे ३ ला लावून नोंद करा, आणि पाच-दहा पट्ट्यांची बेरीज कागदावर ताडून पाहा.

तुम्हाला यापेक्षा वेगळी अडचण आली असेल तर कमेंटमध्ये लिहा. सोबत जावाचं व्हर्जन, टॉमकॅटचं व्हर्जन आणि ती "कॉज्ड बाय" वाली ओळ टाका. पासवर्ड मात्र आधी काढून टाका!