जखमेनंतरची गोष्ट

मी मूळचा सांगली जिल्ह्यातला, नोकरी साताऱ्यात. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. लहानपणी दोन्ही भाषांतल्या साहसकथांनी मला झपाटलं होतं. मामूंच्या लोखंडी ट्रंकेत इब्ने सफींची ‘जासूसी दुनिया’ होती आणि गावच्या वाचनालयात नाथमाधवांचा ‘वीरधवल’. नायक कितीही जखमी झाला तरी चार पानांनी पुन्हा घोड्यावर बसलेला असे.

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात अशाच एका कथेवर बोलत होतो. कुबड्यांवर चालणाऱ्या एका मुलाने विचारलं, “सर, इतक्या उंचावरून पडल्यावर तो खरंच उठला असता का?” वर्ग हसला. मला उत्तर सुचलं नाही.

उत्तर खरं तर नाथमाधवांच्या आयुष्यातच होतं. त्यांचं नाव द्वारकानाथ माधव पितळे. शिकारीचा भारी नाद. 1905 साली शिकारीसाठी सिंहगडावर गेले असताना कड्यावरून पडले आणि कमरेखालचं शरीर कायमचं लुळं झालं. तेव्हा वय जेमतेम तेवीस. ‘वीरधवल’ आला 1913 मध्ये. स्वराज्याच्या कादंबऱ्या त्याच्याही नंतरच्या. म्हणजे ज्या घोडदौडींनी आमच्या आजोबांच्या पिढीला रात्र रात्र जागवलं, त्या स्वतः उभं राहू न शकणाऱ्या माणसाने लिहिल्या होत्या.

इब्ने सफींचं दुखणं वेगळं, मनाचं. 1960 ते 1963 ही तीन वर्षं त्यांची लेखणी बंद होती. बरे झाले आणि ‘डेढ मतवाले’ घेऊन परतले. मनाच्या आजाराबद्दल आपल्या घरांत आजही दार लावून बोलतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

पण हे झाले लेखक. खरा सैनिक हवा असेल तर माझ्याच जिल्ह्यात आहे. मुरलीकांत पेटकर, जन्म 1944, गाव पेठ-इस्लामपूर. सैन्याच्या ईएमई विभागात जवान आणि उत्तम मुष्टियोद्धा. 1965 च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांना गोळ्या लागल्या. मणक्यात लागलेल्या गोळीने पाय गेले आणि बॉक्सिंगही गेलं. उपचारांचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. 1972 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून त्यांनी विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकलं. भारताचं ते पहिलं वैयक्तिक पॅरालिम्पिक सुवर्ण. पद्मश्री मिळाली 2018 साली. मधली 46 वर्षं मोजा. त्या काळात आम्ही त्याच रस्त्याने एसटीने जात-येत होतो आणि आम्हाला त्यांचं नाव ठाऊक नव्हतं.

आणखी एक नाव, फ्लाइंग ऑफिसर एम. पी. अनिल कुमार. मूळचे केरळचे, मिग-21 चे वैमानिक. 1988 मध्ये पठाणकोटला मोटरसायकलच्या अपघातात मान मोडली आणि मानेखालचं शरीर निकामी झालं. पुढची सगळी वर्षं पुण्याजवळ खडकीच्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रात काढली. तिथे तोंडात लेखणी धरून अक्षरं गिरवायला शिकले, पुढे तोंडातल्या काडीने संगणकाच्या कळा दाबत लेख लिहिले. आकाशातून चाकाच्या खुर्चीवर आल्याचा त्यांचा लेख शाळेतल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकातही आला. 2014 मध्ये ते गेले.

या माणसांकडे पाहिलं की साहसकथेतली चोरी लक्षात येते. ती पडण्याचं वर्णन रंगवून करते आणि उठण्याची वर्षं गाळते. खाटेवरचे दिवस, घरच्यांची सेवा, सरकारी कागद, दुसरं काही शिकण्याची चिकाटी हे तिला कंटाळवाणं वाटतं. आपल्यालाही वाटतं. म्हणून आपण हुतात्म्याला हार घालतो आणि चाकाच्या खुर्चीवर परत आलेल्याला विसरतो.

पुढच्या तासाला मी मुलांना हे सगळं सांगितलं. त्या मुलाला म्हणालो, “तुझी शंका बरोबर होती. तो उठला नसता. पण त्याची गोष्ट तिथे संपली नसती.”

तो म्हणाला, “सर, मग आपला वर्ग खाली आणता येईल का?”

नववीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. तो रोज चाळीसहून जास्त पायऱ्या चढून माझ्या साहसकथा ऐकायला येत होता आणि वर्षभर मला ते दिसलं नव्हतं. त्याच दिवशी मी अर्ज लिहिला. या जूनपासून त्याचा वर्ग तळमजल्यावर भरतो.