काचेच्या नळीतला कणा

आमच्या पनवेलच्या खाडीकाठी पूर्वी मिठागरे होती. तिथे राबलेल्या माणसाला एक गोष्ट पुस्तकावाचून कळत असे. खारे पाणी जड, ते तळाला जाते. पावसाचे गोडे पाणी हलके, ते वर राहते. आज सांगणार आहे ती हकीगत शस्त्रक्रियेच्या इतिहासातली. पण तिचे मर्म या जड-हलक्यातच आहे.

पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात, हे आता खेडोपाडी ठाऊक आहे. सिझेरियनच्या वेळी बहुधा हीच भूल देतात. आणि घरोघरी धास्तीही हिचीच. "कण्यात सुई! पोर कायमची लुळी झाली तर?" असे आयाबाया विचारतात. त्यांना हसू नये. त्यांना नीट समजावून सांगावे.

कण्याच्या पोकळीत मेंदूपासून उतरलेला नसांचा दोर असतो, तोच मज्जारज्जू. त्याच्याभोवती पाण्यासारखा नितळ द्रव असतो. मोठ्या माणसात मेंदूभोवतीचा आणि कण्यातला मिळून तो सुमारे १५० मिलिलिटर, म्हणजे पेलाभर भरतो. जर्मनीतल्या कील गावी क्वीन्के या डॉक्टरांनी १८९१ साली कमरेत सुई घालून हा द्रव काढण्याची रीत दाखवली. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो. सुई घालायची ती त्याच्या खाली. तिथे द्रवात नसांचे सुटे धागे तेवढे असतात.

त्याच कील गावी १६ ऑगस्ट १८९८ रोजी ऑगस्ट बीअर यांनी त्या द्रवात कोकेन सोडले आणि रोग्याच्या पायावर वेदनेवाचून शस्त्रक्रिया केली. मग आठवड्याभराने त्यांनी आणि त्यांचे साहाय्यक हिल्डेब्रांट यांनी हा प्रयोग स्वतःवरच केला. हिल्डेब्रांट यांच्या नडगीवर हातोडा मारला, तरी त्यांना दुखले नाही! पण पुढे दोघांचीही डोकी भयंकर दुखली. बीअर तर कित्येक दिवस अंथरुणाला खिळले. सुईच्या भोकातून द्रव पाझरत राहतो, त्याचा हा परिणाम. पुढे सुया बारीक झाल्या, तसा हा त्रासही पुष्कळ कमी झाला.

खरा प्रश्न मात्र वेगळाच होता. औषध आत गेले खरे, पण ते चढणार कुठवर? कमरेशी थांबले तर पाय बधिर होतात. छातीपर्यंत चढले तर रक्तदाब उतरतो. मानेपर्यंत गेले तर श्वासच थांबतो. द्रवात सोडलेल्या औषधाला लगाम घालायचा कसा?

लंडनचे शल्यवैद्य आर्थर बार्कर यांनी यावर साधी युक्ती काढली. त्यांनी कण्याच्या वळणाची काचेची नळी करवली आणि औषध तिच्यात कसे पसरते ते डोळ्यांनी पाहिले. औषधात ग्लुकोज, म्हणजे एक जातीची साखर मिसळली की ते द्रवाहून जड होते, आणि उताराला लागलेल्या पाण्यासारखे सखल जागी जाते. हे त्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केले. माणूस उताणा निजला की कमरेशी कण्याला उंचवटा येतो आणि पाठीच्या मध्याशी खळगा. जड औषध त्या खळग्यात उतरते. डोके आणि मान उशीवर उचलून ठेवली की त्यापुढे मानेकडे त्याला चढ लागतो. लगाम सापडला तो असा!

शिक्षकबंधूंनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. काचेच्या पेल्यात पाणी घ्या आणि कडेने हळूच चमचाभर काकवी सोडा. ती तळाला बसेल. पेला कलता करा, काकवी कलत्या बाजूला सरकेल. मुलांना निराळे व्याख्यान द्यावे लागणार नाही.

आजही या कामी फार वापरले जाणारे बुपिव्हाकेन हे औषध साखरेने जड केलेले मिळते. इंजेक्शन देताच डॉक्टर "आता निजा, हलू नका" म्हणतात, मधूनमधून चिमटा काढून किंवा गार बोळा लावून "इथे कळतं का?" असे विचारतात, ते एवढ्यासाठीच. पहिली काही मिनिटे औषध द्रवात सरकत असते; पुढे ते नसांत मुरते आणि जागचे फारसे हलत नाही. तेव्हा त्या वेळी सांगितले तसे निजावे, विचारले त्याचे खरे उत्तर द्यावे, आणि श्वास जड वाटला, मळमळले किंवा हाताला मुंग्या आल्या तर संकोच न करता लगेच सांगावे. रोग्याचे हे दोन शब्द डॉक्टरांच्या फार उपयोगी पडतात.

काचेच्या एका नळीने जे शिकवले, ते आपल्या मिठागरवाल्यालाही उमगले असते. गोष्ट कळली की धास्ती अर्धी सरते. उरलेल्या अर्ध्या धास्तीसाठी उशाशी डॉक्टर असतातच.