राजपुरीची खाडी आणि कुडा येथील लेणी

राजपुरीच्या खाडीचे नाव निघताच जंजिऱ्याचा पाणकोट आठवतो. सिद्दींची सत्ता आणि १९४८ साली झालेले संस्थानाचे विलीनीकरण, एवढ्यावरच या खाडीचा इतिहास बहुधा आटोपता घेतला जातो. वास्तविक सिद्दींच्या कित्येक शतके आधी या पाण्यावर बुद्धवचनाचा घोष उमटला होता.

रायगड जिल्ह्यात मुरूड व दिघी यांच्या दरम्यान समुद्र भूमीत शिरतो आणि डोंगरांच्या कुशीतून दूरवर मांदाडपर्यंत जातो. मोसमी वाऱ्यांपासून गलबतांना येथे आपोआप आसरा मिळे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथातील मंदगोरा बंदर म्हणजे हेच मांदाड, असे काही विद्वान मानतात. खाडीच्या वरच्या अंगास, कुडा गावाच्या डोंगरात सव्वीस लेणी आहेत. त्यांतील बहुतेक इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांतील होत. काही शिल्पे मागाहूनच्या महायान काळातील आहेत.

आपल्या वाशीमचे, म्हणजे वत्सगुल्माचे, वाकाटक आपणांस परिचित आहेत. त्यांचा अमात्य वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे दिले. कुडा येथे मात्र दात्यांची पंगत निराळी आहे. प्रदेश महाभोजांच्या सत्तेखाली होता. परंतु पहिले लेणे दिले ते महाभोज मांदव खंदपालित याचा लेखक शिवभूती याने, पत्नी नंदा हिच्यासह. त्याचा धाकटा भाऊ शिवम याच्या लेण्यात कोरीवकामाचा वाटा पत्नी विजया व पुत्रांचा, तर स्तंभ मुलींचे. मुलींची नावे दगडावर स्वतंत्रपणे कोरली गेली, ही गोष्ट साधी नव्हे.

लेखांत माळाकार आहे, वैद्य सोमदेव आहे, सार्थवाह आहे. कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी महिक सह्याद्रीपलीकडून येथे दान देतो. यावरून घाटमाथ्याचा माल कोणत्या वाटेने समुद्रास मिळत असे, हे उमगते. व्यवसाय सांगण्यात कोणासही संकोच वाटलेला दिसत नाही. प्रव्रजिता पदुमनिका तर अंतेवासिनी बोधी हिच्यासह लेणे आणि पाण्याची पोढी देते.

आजही कोकणातल्या कित्येक लेण्यांना पांडवांची नावे चिकटविली जातात. कुडाच्या भिंतींवर खऱ्या दात्यांची नावे ब्राह्मी अक्षरांत आहेत. भगवानलाल इंद्रजी व बर्जेस यांनी ती १८८१ सालीच वाचून प्रसिद्ध केली.