ब्राउनिंगच्या दोन कड्या आणि हलकं काडतूस

गेल्या काही भागांत आपण तोफा आणि रायफली पाहिल्या. आज बारा बोअरकडे वळू, तेही सेमी-ऑटोमॅटिक बारा बोअरकडे. अनेकांचा एकच प्रश्न येतो. "सर, घरात आजोबांच्या वेळची परवान्याची बंदूक आहे. जड काडतुसावर झकास चालते, हलकं घातलं की फसते. रिकामं काडतूस अर्धवट बाहेर येऊन अडकतं." फौजेत रिकाम्या काडतुसाला आम्ही खोका म्हणायचो. हा खोका का अडकतो, याचं उत्तर सव्वाशे वर्षं जुनं आहे, आणि ते समजायला आधी एका माणसाची गोष्ट सांगावी लागेल.

जॉन मोझेस ब्राउनिंग. जन्म १८५५, गाव ऑग्डन, अमेरिकेतलं युटा. १८८३ पासून विंचेस्टर कंपनी त्याची डिझाइनं विकत घ्यायची. पद्धत ठरलेली होती : एकदा रोख रक्कम द्यायची, पुढचा सगळा नफा कंपनीचा. १९०० साली त्याला स्वयंचलित शॉटगनचं पेटंट मिळालं, आणि या वेळी तो अडून बसला. एकरकमी पैसे नकोत, विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बंदुकीमागे हिस्सा हवा. विंचेस्टरचे बेनेट नाही म्हणाले. एकोणीस वर्षांचा व्यवहार तिथे संपला.

मग तो रेमिंग्टनकडे गेला. भेटीची वेळ ठरली, हा बाहेर बसून राहिला आणि आत कंपनीचे प्रमुख मार्सेलस हार्टली हृदयविकाराने गेले. जानेवारी १९०२ ची ही गोष्ट. ब्राउनिंगने नमुन्याची बंदूक उचलली आणि बोटीने बेल्जियम गाठलं. लिएजजवळच्या एर्स्तालमधल्या एफएन कारखान्याने ती घेतली. तीच ऑटो-५. पुढे रेमिंग्टननेही परवाना घेऊन १९०५ पासून ती मॉडेल ११ या नावाने काढली.

आता यंत्राकडे येऊ. गोळी सुटली की नळी आणि बोल्ट एकमेकांत अडकलेले असतानाच दोन्ही मिळून मागे जातात, काडतुसाच्या लांबीपेक्षाही जास्त. मग बोल्ट मागे अडकून राहतो, नळी एकटी पुढे जाते आणि खोका मोकळा होऊन बाहेर उडतो. त्यानंतर दस्त्यातली स्प्रिंग बोल्टला पुढे ढकलते, नवं काडतूस कोठीत जातं. एवढं सगळं काम फक्त धक्क्याच्या ताकदीवर चालतं. बाहेरून काहीही मदत नाही.

आणि धक्का तर काडतुसागणिक बदलतो! ढोबळ हिशेब करू. ३६ ग्रॅम छर्रे सेकंदाला ३७५ मीटर वेगाने, आणि २४ ग्रॅम छर्रे ४०० मीटर वेगाने. साडेतीन किलोच्या बंदुकीला पहिल्यातून साधारण २६ ज्यूल मिळतात, दुसऱ्यातून १३. दारूच्या वायूचा वाटा मी यात धरलेला नाही, पण प्रमाण समजतं. छरे एक-तृतीयांशाने कमी झाले, तर ऊर्जा थेट निम्मी. जी बंदूक २६ ज्यूल सोसून वर्षानुवर्षं टिकायला हवी, तिनेच १३ वरही चालायला हवं. हे खरं कोडं.

ब्राउनिंगने ते दोन कड्यांनी सोडवलं. लाकडी फोरएन्ड काढलं की मॅगझिनची नळी दिसते. तिच्याभोवती मोठी स्प्रिंग असते, पुढच्या टोकाला ब्राँझची चिरलेली कडी आणि सोबत एक पोलादी कडी, जिची आतली एक कडा उतरती असते. जड काडतुसासाठी पोलादी कडी ब्राँझ आणि स्प्रिंग यांच्यामध्ये ठेवायची, उतार ब्राँझकडे. धक्का बसला की ब्राँझ दोन्ही बाजूंनी दाबली जाते, मॅगझिनच्या नळीला आवळते, ब्रेक लागतो. हलक्या काडतुसासाठी तीच पोलादी कडी स्प्रिंगच्या मागे, बंदुकीच्या मुख्य अंगाला टेकवून ठेवायची. तिथे ती निव्वळ बसून राहते, ब्राँझ एकाच बाजूने दाबली जाते आणि ब्रेक सैल होतो. हत्यार लागत नाही, पाना लागत नाही. मला स्वतःला हे डिझाइन त्याच्या पिस्तुलांपेक्षा जास्त आवडतं.

मी पाहिलेल्या बऱ्याच "बिघडलेल्या" ऑटो-५ मध्ये एवढंच झालेलं होतं. कोणीतरी कधीतरी कडी जड जागी लावली आणि पुढच्या पिढीला ती काढता येते हेच माहीत नव्हतं. उलटा प्रकार जास्त घातक. कडी हलक्या जागी आणि वर जड काडतुसं. बंदूक छान चालते म्हणून कोणी तक्रार करत नाही, पण नळी प्रत्येक बाराला मागे आदळते आणि एक दिवस फोरएन्डला चीर जाते. कारागीर लाकडाला दोष देतो.

कडी बरोबर जागी असूनही फसत असेल, तर बंदूक रिकामी करून, दोनदा खात्री करून, मॅगझिनची नळी पाहा. गंज, सुकलेलं जुनं वंगण, कोरडेपणा यांपैकी काहीही असलं तरी ब्राँझ नको तितकी धरते. स्वच्छ करून तेलाचा हलका हात फिरवायचा. तेल थापायचं नाही, मग ब्रेकच उरत नाही. त्यानंतर दस्त्यातली स्प्रिंग. ही जागा बहुतेक जण उघडतच नाहीत. आपल्याकडच्या पावसाळ्यात तिथे ओल शिरते आणि तेलाचा चिकट गोळा होतो. हे काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्या. आणखी एक : महायुद्धाआधीच्या १६ बोअरच्या बेल्जियन बंदुकांत कोठी बहुधा ६५ मिलिमीटरची असते. तिच्यात आजचं ७० मिलिमीटरचं काडतूस बसतं, पण उघडायला जागा मिळत नाही. तिथे खोका अडकणं ही किरकोळ गोष्ट, दाब वाढतो तो धोका मोठा. कोठी मोजून घेतल्याशिवाय अशी बंदूक उडवू नये.

विंचेस्टरचं पुढे काय झालं? गंमत अशी की ब्राउनिंगची पेटंटं पक्की करण्यात विंचेस्टरच्याच वकिलांचा हात होता. त्यामुळे बोल्टला साधी मूठ लावायचीही त्यांना सोय राहिली नाही. १९११ साली त्यांची स्वतःची बंदूक आली, तिची नळीच हाताने मागे ओढावी लागायची, पकड बसावी म्हणून नळीवर खरबरीत पट्टा. तेव्हाची काडतुसं कागदी, ओल लागली की फुगून कोठीत घट्ट बसायची. मग लोक दस्ता जमिनीवर टेकवून, नळीवर वाकून ती खाली दाबायचे. फुगलेलं काडतूस उडालं की तोंड नेमकं समोर. त्या बंदुकीला "विधवा करणारी" असं नाव पडलं, आणि १९२५ मध्ये ती बंद झाली. हिशेबाच्या एका कलमावरून बिनसलेल्या व्यवहाराची किंमत अशा लोकांनी मोजली, ज्यांना त्या व्यवहाराची खबरही नव्हती.

नंतर तऱ्हा बदलल्या. रेमिंग्टनच्या ५८ मॉडेलला मॅगझिनच्या टोपीवर हलकं-जड अशी फिरकी होती. १९६३ चं ११०० मॉडेल नळीतल्या भोकांतून थोडा वायू घेऊन चालतं, तिथे कड्या बदलाव्या लागत नाहीत. पण त्यात एक छोटी रबरी रिंग असते. ती तडकली की वायू निसटतो, आणि सर्वात आधी हलकी काडतुसं रुसतात. भोकं काजळीने बुजली तरी लक्षण तेच. मॅग्नमसाठीच्या नळीला भोक सहसा एक, साध्या नळीला दोन. म्हणजे मॅग्नमची नळी लावून क्लेवर हलकं काडतूस उडवणाऱ्याने बंदुकीला नावं ठेवू नयेत.

इटलीतल्या बेनेलीने १९६० च्या दशकाअखेर जडत्वाचा मार्ग धरला. बंदूक मागे उसळते, बोल्टचं जड अंग क्षणभर जागीच राहतं, मधली ताठ स्प्रिंग दबते आणि मग बोल्टला मागे फेकते. वायू आत येत नाही, म्हणून साफसफाई कमी. मात्र इथे बंदुकीचं वजन हाच कळीचा मुद्दा. टॉर्च, दस्त्यावर काडतुसांचा पट्टा, असं काहीबाही लटकवलं की बंदूक कमी उसळते आणि हलक्या काडतुसाला खोका फसतो. लटकवलेलं सगळं काढा, दहा बार करून पाहा, मगच कारागिराकडे जा.

ऑलिंपिकच्या ट्रॅप आणि स्कीटमध्ये छऱ्यांची मर्यादा २४ ग्रॅम आहे. तिथे बहुतेक नेमबाज एकावर एक नळ्यांची दुनळी वापरतात. तिला असं चक्रच नसल्याने हा प्रश्न येत नाही. ब्राउनिंग आयुष्याच्या शेवटी नेमक्या अशाच दुनळीवर काम करत होता. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी एर्स्तालच्या त्याच कारखान्यात त्याला हृदयविकाराचा झटका आला. ती अपुरी राहिलेली दुनळी त्याच्या मुलाने, व्हॅलने, पूर्ण केली.